वर्षातून एकदाच खेळणाऱ्यांसाठी

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावच्या बॅडमिंटन मंडळाचे दोन कार्यकर्ते दवाखान्यात आले. हातात निमंत्रणपत्रिकेचा कच्चा मसुदा होता. मंडळाला यंदा चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त दोन दिवसांचा कार्यक्रम ठरला आहे. शनिवारी सकाळी पंचेचाळीस वर्षांवरील जुन्या खेळाडूंचे सामने, दुपारी स्नेहभोजन, सायंकाळी सत्कार आणि गाणी. रविवारी अंतिम सामने आणि बक्षीस समारंभ. मसुद्यासोबत बत्तीस नावांची एक यादी होती. यादीच्या तळाशी लिहिले होते, 'वरील सर्व खेळाडू खेळण्यास शारीरिकदृष्ट्या पात्र आहेत.' त्या ओळीखाली माझी सही हवी होती.

"सही मारून द्या जी डॉक्टरसाहेब. सारे आपलेच तं हायेत," एक जण म्हणाला.

सारे आपलेच आहेत हे खरे. त्यातल्या दहा-बारा जणांच्या रक्तदाबाचे आणि साखरेचे आकडे मला तोंडपाठ आहेत. म्हणूनच मी सही केली नाही. दोघेही जरा नाराज होऊन गेले. बाहेर रुग्ण थांबले होते, त्यामुळे नकाराचे कारण नीट सांगता आले नाही. ते आज या स्तंभात सांगतो, कारण हा प्रश्न एका मंडळाचा नाही. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, कुठेही जा. थंडी पडली की जुन्या मंडळांना आपला वर्धापनदिन आठवतो आणि माळ्यावरच्या रॅकेटी खाली उतरतात.

एक जुनी सही

पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक यादी माझ्यासमोर आली होती. तेव्हा मी सही केली होती. त्या यादीत माझ्या एका जवळच्या मित्राचे नाव होते. वय एकावन्न. कॉलेजात असताना उत्तम खेळायचा. पुढे नोकरी, घर, मुलींची लग्ने यांत खेळ सुटला. खर्रा मात्र सुटला नाही. रक्तदाबाची गोळी चालू होती, पण बरे वाटले की तो ती आपल्या मनाने बंद करायचा. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही सही केली, कारण मित्राला 'तू खेळू नकोस' असे म्हणणे जिवावर येते.

पहिला सामना तो जिंकला. जुन्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सामन्याआधी त्याने छातीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सकाळच्या तर्री-पोह्यानं गॅस झाला बावा." कोणीतरी सोडा आणून दिला. ढेकर आली, बरे वाटले, तो पुन्हा कोर्टवर उतरला. तिसऱ्या गेममध्ये एक उंच शटल घ्यायला मागे गेला आणि तिथेच खाली बसला. अंगाला थंड घाम सुटलेला, चेहरा पांढराफटक. तेव्हा १०८ ची सोय आलेली नव्हती. गाडी शोधण्यात वीस मिनिटे गेली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत आणखी वेळ गेला. तो वाचला, पण हृदयाचा बराचसा स्नायू कायमचा निकामी झाला.

मी त्या दिवशी मंडपातच होतो. 'गॅस' हा शब्द माझ्या कानावर पडला होता. सोडा आणणाऱ्याला मी अडवले नाही. सही करताना जी भीड आड आली, तीच तेव्हाही आली. त्यानंतर मी अशा यादीवर कधी सही केलेली नाही.

स्क्वॉशने शिकवलेला धडा

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही, हे पुढे वाचनात आले. स्क्वॉश नावाचा एक खेळ आहे. आपल्या भागात तो फार थोड्यांनी पाहिला असेल. मुंबईच्या जुन्या जिमखान्यांत मात्र अनेक वर्षांपासून खेळला जातो. चार भिंतींच्या बंद खोलीत, ३२ फूट लांब आणि २१ फूट रुंद जागेत, दोघांनी आळीपाळीने रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा. चेंडू बाहेर जात नाही, त्यामुळे तो आणायला जाण्याच्या निमित्ताने मिळणारी विश्रांतीही मिळत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रथमच स्थान मिळाले आहे. यातही ज्येष्ठांच्या स्पर्धा होतात आणि पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात.

ब्रिटनमध्ये या खेळाचे वेड वाढले तेव्हा कोर्टवर अचानक मृत्यू होऊ लागले. नॉर्थकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा साठ मृत्यूंचा अभ्यास करून १९८६ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. साठांपैकी एकोणसाठ पुरुष होते. सरासरी वय होते शेहेचाळीस. एक्कावन्न जणांच्या मृत्यूचे कारण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा आजार हे होते. बावीस जणांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा काही ना काही त्रास असल्याचे आधीच माहीत होते. त्यांतल्या चौदा जणांना रक्तदाब होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साठांपैकी पंचेचाळीस जणांनी मृत्यूपूर्वी काही तरी त्रास होत असल्याचे बोलून दाखवले होते, आणि त्यात छातीत दुखण्याची तक्रार सर्वांत जास्त होती.

वाचकहो, हा पंचेचाळीसचा आकडा लक्षात ठेवा. चारांपैकी तिघांना शरीराने आधी निरोप पाठवला होता. आमच्या मित्रालाही पाठवला होता. आम्ही त्याला गॅस असे नाव दिले.

असे का होते? चालताना किंवा सायकल चालवताना आपला वेग आपल्या हाती असतो. दम लागला की माणूस हळू होतो. सामन्यात वेग समोरचा ठरवतो. त्यातून भोवती प्रेक्षक, जुनी चुरस आणि 'अजून आपण तेच आहोत' हे दाखवण्याची हौस. नाडी झपाट्याने वाढते, रक्तदाब उसळतो. धमनीच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे चरबीचा थर साचलेला असेल, तर अशा ताणाने त्याला चीर पडू शकते. तिथे रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाचा पुरवठा बंद होतो.

रोजचा आणि वर्षाचा

मग श्रमच करू नयेत का? इथे दुसरा एक अभ्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांना झटक्याआधी ते काय करत होते हे विचारण्यात आले. मिटलमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. आठवड्यातून एकदाही जोराचा व्यायाम न करणाऱ्या माणसाने एकाएकी जोराचे श्रम केले, तर पुढच्या तासाभरात झटक्याचा धोका त्याच्या एरवीच्या धोक्याच्या शंभर पटींहून अधिक होता. आठवड्यातून पाच किंवा त्याहून जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो जेमतेम अडीच पट होता.

घाबरून जाऊ नका. एरवीचा एका तासाचा धोका अतिशय लहान असतो, त्यामुळे अनेक पटींनी वाढूनही बहुतेकांना काही होत नाही. म्हणूनच दरवर्षी तीस जण खेळतात, तीसही घरी जातात आणि 'काही होत नाही जी' ही समजूत पक्की होते. पण श्रम तेच, कोर्ट तेच, वय तेच असूनही, ज्याचे शरीर सवयीचे आहे त्याच्यात आणि ज्याचे नाही त्याच्यात केवढे अंतर आहे हे पाहा. खेळ धोक्याचा नाही. वर्षभर खुर्चीत बसून एका शनिवारी तरुण होणे धोक्याचे आहे.

वर्ध्याच्या माणसाला हे समजावायला परदेशी अभ्यासाची तशी गरज पडू नये. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला गेले ते पायी चालत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. विनोबा मार्च १९५१ मध्ये शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी हैदराबादच्या दिशेने पायी निघाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि प्रकृतीने किरकोळ होते. पुढे भूदानासाठी ते तेरा वर्षे देशभर चालले. त्यांना ते जमले, कारण आजच्या चालण्याची तयारी कालच्या चालण्याने झालेली असे.

मग सामने बंद करायचे का?

मुळीच नाही. माझ्या नकाराचा असा अर्थ कोणी काढू नये. उलट अशी स्पर्धा आणि असे दोन दिवस प्रत्येक गावात व्हावेत या मताचा मी आहे.

इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या ऐंशी हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅडमिंटन, टेनिस, स्क्वॉश यांसारखे रॅकेटचे खेळ खेळणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न खेळणाऱ्यांपेक्षा ४७ टक्क्यांनी कमी दिसले. कोपनहेगन शहरात साडेआठ हजार लोकांवर पंचवीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवून २०१८ मध्ये जे निष्कर्ष मांडले गेले, ते तर आपल्या मंडळाच्या भिंतीवर लावावेत असे आहेत. बैठे जीवन जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुष्य ९.७ वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी, हळू धावणाऱ्यांचे ३.२ वर्षांनी, तर व्यायामशाळेत जाणाऱ्यांचे दीड वर्षाने जास्त आढळले.

अशा पाहणीवरून खेळामुळेच आयुष्य वाढले असे छातीठोक सांगता येत नाही. खेळणारी माणसे मुळात सुस्थितीतली असू शकतात. पण संशोधकांनी एका गोष्टीकडे बोट दाखवले. धावणे एकट्याने होते, बॅडमिंटनला दुसरा माणूस लागतो. खेळ, गप्पा, थट्टा, चहा आणि 'काल का आला नाहीस?' असे विचारणारे कोणीतरी, या सगळ्याचा वाटा त्या जास्तीच्या वर्षांत असावा, असे त्यांना वाटते.

मला ते पटते, आणि त्याचे कारण माझा तोच मित्र आहे. झटक्यानंतर चार महिने तो घरात पडून होता. बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले. मंडळातले लोक एके दिवशी त्याला स्कूटरवर बसवून कोर्टवर घेऊन आले आणि बाकड्यावर बसवून त्याच्या हातात गुणांची वही दिली. आज तो सहासष्ट वर्षांचा आहे. खर्रा सुटला आहे, गोळी एक दिवस चुकत नाही. रोज सकाळी आपल्या बेताने चालून येतो आणि मग बाकड्यावर बसतो. कोणता बिंदू आत पडला आणि कोणता बाहेर, यावर तरुणांशी भांडतो. मागे मला म्हणाला, "घरीच बसलो असतो तं खचलो असतो बावा." म्हणून पत्रिकेतले स्नेहभोजन आणि गाणी मला फालतू वाटत नाहीत. निवृत्तीनंतर ज्याला दिवसभरात कोणी नावाने हाक मारत नाही, त्याच्यासाठी ते औषधच आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. त्या बत्तीस नावांत एकही बाईचे नाव नाही. पत्रिकेत भगिनींकडे भोजनव्यवस्था आहे. पन्नाशीच्या बाईला हाडांची झीज, साखर, रक्तदाब आणि एकटेपण यांतले काहीच चुकत नाही. 'घरात काम असते, तोच व्यायाम' हे उत्तर मी रोज ऐकतो. घरकामाने माणूस थकतो, पण त्यात दम वाढवणारा वेग नसतो आणि खेळातला आनंदही नसतो. गोळाभात पुरुषांनीही वाढून पाहावा. वहिनींसाठी एक कोर्ट तासभर मोकळे ठेवले तर मंडळाचे काही बिघडणार नाही.

मंडळांनी एवढे करावे

१. खेळाडूंची नावे किमान दोन महिने आधी घ्यावीत. पहिले तीन आठवडे रोज अर्धा तास भरभर चालणे, पुढे आठवड्यातून तीन-चार दिवस कोर्टवर हलका खेळ आणि मगच सामना. ज्याची हजेरी नाही, त्याचे नाव सामन्यात नाही. त्याला पंच करावे, सत्कार करावा, पण खेळवू नये.

२. तपासणी प्रत्येकाची वेगळी व्हावी. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, वाढलेले वजन, घरात कमी वयात कोणाला आलेला झटका, यांतले काहीही असेल त्याने आपल्या डॉक्टरांना आधी भेटावे. झोपवून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे सारे ठीक, असे समजू नये. काहींना पट्ट्यावर चालवून तपासावे लागते.

३. सामना सकाळी, जेवण नंतर. पोटभर नाश्ता करून कोर्टवर उतरू नये. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अंग गरम व्हायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटे चालणे आणि हलकी हालचाल केल्याशिवाय पहिला फटका मारू नये. टाचेच्या वरची जाड शीर तुटण्याचे प्रकार याच वयात आणि याच घाईत होतात. मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते, वळून पाहावे तर मागे कोणीच नसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्या दिवसांत ज्येष्ठांची स्पर्धा ठेवूच नये.

४. ताप असताना किंवा तापातून उठल्यावर लगेच खेळू नये. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूलाही सूज येते.

५. छातीत दाब किंवा जळजळ, जबड्यात, खांद्यात किंवा हातात दुखणे, थंड घाम, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त दम, यांतले काहीही झाले की सामना तिथेच थांबवावा. पंचाला तो अधिकार असावा आणि 'गॅस आहे' ही सबब त्याने मान्य करू नये. गॅसच निघाला तर एक सामना गेला, एवढेच.

६. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा आणि एक गाडी चालकासह तयार ठेवावी. मंडळातल्या निदान चार तरुणांनी छाती दाबण्याचे शिक्षण घ्यावे. माणूस बेशुद्ध पडला, हाक मारून हलला नाही आणि श्वास नीट नसेल, तर कोणीतरी १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल, मदत येईपर्यंत न थांबता. कांदा हुंगवण्यात आणि पाणी पाजण्यात वेळ घालवू नये.

हजेरीचा करंडक

आणखी एक सूचना आहे. विजेत्याला करंडक द्याच, पण त्याहून मोठा करंडक वर्षभरात सर्वांत जास्त दिवस कोर्टवर आलेल्याला द्या. हरणाराही तो जिंकू शकेल. शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. व्यायामाची संस्था शंभर वर्षे टिकते ती रोज सकाळी कोणीतरी तिचे दार उघडते म्हणून, वर्धापनदिनाच्या मंडपामुळे नव्हे. माणसाच्या हृदयाचेही तसेच आहे.

कार्यकर्त्यांना मी कालच निरोप पाठवला आहे. स्पर्धेला अजून नऊ आठवडे आहेत. येत्या रविवारपासून रोज सकाळी साडेसहाला मी स्वतः कोर्टवर येईन आणि रक्तदाबाचे यंत्र सोबत आणीन. बत्तीसही जणांनी यावे, पत्नीलाही आणावे. दोन महिन्यांनी ज्याचे नाव माझ्या हजेरीच्या वहीत असेल, त्याच्या नावापुढे मी वेगळी सही करीन. एका ओळीखाली बत्तीस जणांसाठी एकच सही मात्र मागू नये. वही सांभाळायला माझा मित्र तयार आहे. तो कोणाची खोटी हजेरी मांडणार नाही, याची मला खात्री आहे.